पत्रा कापणारी वीज

शहरांतील कोणत्याही वाढत्या वस्तींत दोनचार गल्ल्या ओलांडल्या कीं लोखंडी फाटकें, जिने आणि खिडक्यांच्या जाळ्या बनविणारें एखादें दुकान हटकून लागतें. पूर्वीं तेथें करवतीची किरकिर आणि घणाचे ठोके ऐकूं येत. आतां त्यांच्या जोडीला एक निराळाच आवाज येतो. नळींतून वारा जोरानें सुटावा तसा तो फूत्कार असतो, आणि त्याबरोबर निळसर-पांढरा प्रकाश समोरच्या भिंतीवर नाचूं लागतो. शाळेंतून परतणारीं मुलें क्षणभर थबकतात, पाहतात आणि पुढें जातात. या यंत्रास प्लाझ्मा कटर म्हणतात. तें ज्याच्या हातीं असतें तो कारागीर बहुधा तरुण असतो, त्याचें शिक्षण दुकानांतच झालेलें असतें, आणि यंत्राबरोबर आलेली माहितीची पुस्तिका खोक्यांतच राहून गेलेली असते. हेंच यंत्र आज इमारतीच्या गच्चीवर, जिन्याखालीं, पाण्याच्या टाकीशेजारीं येऊन काम करतें. तेव्हां त्याची निगा आणि त्यापासून घ्यावयाची सावधगिरी हा केवळ कारखानदारांचा विषय राहिलेला नाहीं. ज्याच्या दारांत तें काम चालतें त्या गृहस्थासही त्यांतलें थोडें ठाऊक असलें पाहिजे.

त्यास एक विशेष कारण आहे. विळीनें बोट कापलें तर तें तत्क्षणीं समजतें. तवा भाजतो तोही लगेच. या यंत्रापासून होणाऱ्या पुष्कळशा इजा मात्र उशिरानें कळतात. दुपारीं डोळ्यांवर पडलेला प्रकाश मध्यरात्रीं झोंप उडवितो. सकाळीं छातींत गेलेला धूर संध्याकाळीं हुडहुडी भरवितो. आणि उडालेली ठिणगी माणसें जेवावयास गेल्यावर पेट घेते. यंत्राच्या प्रकृतीचेंही तसेंच आहे. आज त्याच्या पोटांत गेलेलें पाणी कांहीं दिवसांनीं त्याचें तोंड निकामी करतें. ज्या धोक्याची सूचना डोळे, नाक आणि त्वचा वेळेवर देत नाहींत, त्या धोक्यापुढें केवळ अनुभवी हाताचा उपयोग होत नाहीं.

प्लाझ्मा हा शब्द सुशिक्षितांस रक्ताच्या संदर्भांत परिचित आहे. येथील प्लाझ्मा निराळा. बर्फ तापविलें कीं पाणी होतें, पाणी तापविलें कीं वाफ. आणि वायूस याहून पुष्कळच अधिक उष्णता दिली तर त्याच्या अणूंतील विद्युत्कण सुटे होऊं लागतात, व एरव्हीं वीज वाहूं न देणारा वायु विजेचा वाहक बनतो. या अवस्थेस १९२८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनीं प्लाझ्मा हें नांव दिलें. आकाशांत चमकणारी वीज हा त्याचाच एक आविष्कार होय. कापण्याच्या यंत्रांत अशी वीज दाबलेल्या हवेच्या झोतासह सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून बाहेर काढलेली असते. त्या झोताचें उष्णतामान २०,००० सेंटिग्रेड अंशांच्या आसपास जातें, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक. पत्रा त्या जागीं वितळतो आणि वितळलेला रस झोताबरोबर खालीं उडून जातो.

गॅसकटर हें याहून जुनें साधन. पण त्याची रीत वेगळी. तो लोखंड तापवून शुद्ध ऑक्सिजनमध्यें अक्षरशः जाळतो, आणि म्हणून जो धातु नीट जळत नाहीं तो त्यास कापतां येत नाहीं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमिअमच्या भस्माचें चिवट कवच धरतें, ॲल्युमिनिअमवरही तसलेंच कवच असतें, आणि तेथें गॅसकटर हात टेकतो. प्लाझ्मास जाळावयाचें नसतें, वितळवावयाचें असतें. वीज वाहणारा कोणताही धातु त्यास चालतो. या रीतीचें पेटंट १९५७ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गेज यांस मिळालें. आरंभीं आर्गॉन, नायट्रोजन असे वायु वापरावे लागत, कारण आंतील टोक टंगस्टनचें असे आणि तें हवेंतील ऑक्सिजनपुढें टिकत नसे. पुढें तांब्याच्या टोकांत हाफ्निअम या धातूचा एक बारीक मणि बसविण्याची युक्ति निघाली आणि साधी हवा चालूं लागली. हा धातु १९२३ सालीं कोपनहेगन येथें सांपडला व त्या शहराच्या लॅटिन नांवावरून त्याचें नांव पडलें. गल्लींतल्या दुकानाचें सारें काम आज त्या मण्यावर चाललेलें आहे, हें खुद्द कारागिरासही क्वचितच ठाऊक असतें.

हातांत धरावयाच्या भागास टॉर्च म्हणतात. त्याचें टोपण फिरवून काढलें कीं आंत मोजकेच तुकडे दिसतात: इलेक्ट्रोड, त्याभोंवतीं हवेस गिरकी देणारें एक कडें, आणि छिद्र असलेलें नोझल. इलेक्ट्रोड व नोझल हीं पेन्सिलीच्या शिशाप्रमाणें झिजण्यासाठींच बनविलेलीं असतात, आणि यंत्राच्या किंमतीच्या मानानें त्यांची किंमत अगदींच क्षुल्लक असते. रोज काम सुरू करण्यापूर्वीं तीं उघडून पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. इलेक्ट्रोडच्या टोकाशीं, हाफ्निअमच्या जागीं, हळूहळू खळगा पडत जातो. तो दीड मिलिमीटरच्या सुमारास खोल झाला कीं त्याचें आयुष्य संपलें असें समजावें. त्यापुढेंही तो वापरला तर वीज तांबें खाऊं लागते, झोतांत हिरवट छटा दिसते, आणि नोझलच नव्हे तर कित्येकदां टॉर्चचें मुंडकेंही जळून जातें. नोझलचें छिद्र अगदीं गोल असावें. तें लांबट झालें म्हणजे झोत वांकडा निघतो, कापलेली कड तिरपी येते आणि पत्र्याच्या खालच्या अंगास वितळलेल्या धातूचें कीट धरतें. कारागीर अशा वेळीं पत्र्यास दोष देतो, कधीं विजेच्या दाबास देतो. दोष बहुधा त्या छिद्राचा असतो. दोन्ही तुकडे बरोबरच बदलावे. एक नवा आणि एक जुना ही काटकसर खोटी, कारण झिजलेला तुकडा नव्यासही लवकर आपल्या वाटेनें नेतो.

ही झीज कापण्याच्या वेळांत होते त्यापेक्षां सुरू करण्याच्या आणि थांबविण्याच्या क्षणीं अधिक होते. प्रत्येक वेळीं थोडासा वितळलेला हाफ्निअम उडून जातो. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यास चमत्कार दाखविण्यासाठीं हवेंत उगाच ज्योत काढणें हें टोकाचें आयुष्य उधळणें होय. काम थांबल्यावरही टॉर्चमधून थोडा वेळ हवा वाहत राहते, तिचाही असाच गैरसमज होतो. ती यंत्राची चूक नव्हे. तापलेलें टोक त्या हवेनेंच निवतें. फूत्कार थांबण्यापूर्वींच मुख्य बटण बंद करणारा मनुष्य वीज वाचवीत नाहीं, इलेक्ट्रोड खर्च करतो.

परंतु यंत्राच्या तक्रारींचें मूळ पुष्कळ वेळां टॉर्चमध्यें नसतेंच. तें कोपऱ्यांत धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरमध्यें असतें. टॉर्चला हवा हवी ती कोरडी आणि तेलाचा अंश नसलेली. आमच्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोंकणपट्टींत, हीच अट सर्वांत अवघड. पावसाळ्यांतील साधा दिवस घ्यावा: उष्णतामान ३० अंश आणि आर्द्रता शेंकडा ८०. अशा एक घनमीटर हवेंत सुमारें २४ ग्रॅम पाणी वाफरूपानें असतें. लहान यंत्रास मिनिटाला पावणेदोनशें लिटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे तासाभराच्या सलग कामास दहा घनमीटरांहून अधिक. आणि तितक्या हवेबरोबर जवळजवळ पाव लिटर पाणी यंत्राच्या दाराशीं येऊन उभें राहतें. देशावर एप्रिलच्या कोरड्या दुपारीं, ३५ अंश उष्णता आणि शेंकडा २० आर्द्रता असतां, हाच आंकडा घनमीटरास जेमतेम ८ ग्रॅमवर उतरतो. पुण्याच्या उन्हाळ्यांत गुणी ठरलेलें यंत्र जुलैंत ठाण्यास नेतांच रोज नोझल मागूं लागतें, त्याचें इंगित हें आहे. यंत्र तेंच असतें. हवा बदललेली असते.

हवा दाबली आणि ती थंड झाली कीं यांतील बहुतेक पाणी कॉम्प्रेसरच्या टाकींतच सांचतें. म्हणून टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून तें काढून टाकावें. तें गंजानें तांबूस झालेलें असतें, आणि तो तांबूस रंग टाकीचेंच पोलाद झिजत असल्याची खूण आहे. पाणी तुंबलेली टाकी आंतून पातळ होत जाते, व दाबाखालीं फुटलेली टाकी हा लहानसा बाँबच असतो. पण सतत चालणारी टाकी गरम राहते, आणि गरम टाकींतली वाफ पुढच्या नळींत जाऊन निवते. तिला अडविण्यासाठीं पाणी धरणारी गाळणी यंत्राच्या अगदीं जवळ बसवावी, तिची वाटी भरण्यापूर्वीं रिकामी करावी, आणि दमट महिन्यांत हवा सुकविणारें उपकरण जोडावें. परीक्षा सोपी आहे. वीज न सोडतां नुसती हवा पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर सोडावी. फडकें ओलें किंवा तेलकट झालें तर त्या दिवशीं पत्र्यास हात लावूं नये.

वेल्डिंग करणाऱ्या कारागिराची एक संवय येथें फार घातक ठरते. साध्या वेल्डिंगच्या यंत्रांत काम थांबलेलें असतांना टोकाशीं ६० ते ८० व्होल्टचा दाब असतो. कारागीर त्याचा चटका कित्येकदां हंसण्यावारी नेतो. प्लाझ्मा यंत्रांत हाच दाब २५० ते ३०० व्होल्ट असूं शकतो, आणि नोझल बदलतांना बोटें नेमकीं तेथेंच असतात. म्हणून टोपणास हात लावण्यापूर्वीं यंत्र बंद करून प्लग भिंतींतून काढावा. टोपण सैल असेल तर वीज सुटूं नये अशी सोय चांगल्या टॉर्चमध्यें असते. ती कामांत अडथळा आणते म्हणून तारेचा तुकडा जोडून तिला निकामी करणारे हुशार लोक आहेत. अशा हुशारीस दुकानांत थारा असूं नये. यंत्राच्या पेटींत धातूची बारीक धूळ बसते आणि धातूची धूळ वीज वाहते. ती अधूनमधून कोरड्या हवेनें उडवून काढावी लागते. पण आंतील कंडेन्सर प्लग काढल्यावरही कांहीं मिनिटें भारित राहतात. तेव्हां हें काम विजेच्या जाणकारानेंच, थोडा वेळ थांबून करावें. अर्थिंग पक्कें असावें, उभें राहण्याची जागा कोरडी असावी, हातमोजे ओले नसावे. पत्र्यास लावावयाचा चिमटा रंगावर किंवा गंजावर न लावतां जागा घासून लावावा. टॉर्चची नळी नुकत्याच कापलेल्या गरम तुकड्यांवरून फरफटत नेण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिला पडलेली चीर रोज बोटांनीं चांचपून नव्हे, प्लग काढून डोळ्यांनीं पाहावी.

कांहीं यंत्रें ज्योत पेटविण्यासाठीं उच्च कंपनसंख्येची ठिणगी पाडतात. बिनतारी संदेशाचे पहिले प्रेषक अशा ठिणग्यांवरच चालत, त्यामुळें शेजारच्या घरांतील रेडिओवर खरखर उमटली तर नवल नाहीं. रेडिओचें नुकसान कांहीं होत नाहीं. पण हृदयाची गति राखणारें उपकरण ज्यांच्या छातींत बसविलेलें आहे अशा व्यक्तींनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज त्या जागेजवळ जाऊं नये.

आतां उशिरानें कळणाऱ्या इजांविषयीं. प्लाझ्माच्या प्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण विपुल असतात. ते बुबुळावरील पारदर्शक पडद्यास भाजतात. पण भाजतांना दुखत नाहीं. सहा ते बारा तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखें वाटतें, पाणी गळूं लागतें, उजेड सोसत नाहीं. एकदोन दिवसांत हें बरें होतें. मात्र तोंवर डोळे चोळूं नयेत, आणि दूध, गुलाबपाणी वगैरे घरगुती उपाय न करतां डॉक्टरांस डोळे दाखवावे. काम करणाऱ्यानें ४० अँपिअरपर्यंत ५ क्रमांकाची, ६० पर्यंत ६ क्रमांकाची आणि त्यापुढें ८ किंवा ९ क्रमांकाची कांच वापरावी. उन्हांतला साधा काळा चष्मा येथें पुरत नाहीं. आणि सर्वांत उपेक्षित असतो तो काम न करणारा. पत्रा धरणाऱ्या पोऱ्यास कांच नसते. तो फक्त मान फिरवितो, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश त्याच्या डोळ्यांत जातो. इमारतींत काम असेल तर भोंवतीं जाड, न जळणारे पडदे लावून घ्यावे व मुलांस दूर ठेवावें. येथें गृहस्थानें संकोच करूं नये. कारागिराशीं मजुरी ठरवितांनाच हेंही ठरवावें.

धुराचेंही तसेंच. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापला कीं पांढरा धूर निघतो. तो श्वासाबरोबर गेल्यास कांहीं तासांनीं तोंडास धातूची चव येते, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतें. मलेरियाच आला असें वाटावें. पण एकदोन दिवसांत सारें ओसरतें. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, रोज धूर घेणाऱ्यास त्याची तात्पुरती संवय होते आणि एका सुट्टीनें ती मोडते; म्हणून या तापास कामगारांनीं सोमवारचा ताप म्हटलें. आपल्याकडे यावर दूध पिण्याची किंवा गूळ खाण्याची रूढि आहे. दोन्ही पदार्थ उत्तम, पण ते पोटांत जातात आणि धूर जातो फुप्फुसांत. स्टेनलेस स्टीलचा धूर याहून वाईट, कारण त्यांत क्रोमिअमचें विषारी रूप असतें आणि त्याचा परिणाम तासांनीं नव्हे, वर्षांनीं दिसतो. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें वेल्डिंगचा धूर निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गांत घातला. वितळलेल्या धातूचा हा धूरही त्याच जातीचा आहे. नाकातोंडास बांधलेला रुमाल त्यास अडवीत नाहीं. उघड्यावर काम करणें, धूर ओढून घेणारा पंखा लावणें आणि धातूच्या धुरासाठीं बनविलेला मुखवटा वापरणें हेच उपाय. पत्रा तेलकट असेल तर तो क्लोरीनयुक्त द्रावणानें पुसून लगेच कापूं नये, कारण त्याच्या वाफेपासून या प्रकाशांत फॉस्जीन हा प्राणघातक वायु बनूं शकतो.

एक धोका मात्र मुळींच उशीर करीत नाहीं. घरोघरीं जुन्या पिंपाचे नाना उपयोग सुचतात. कोणास त्याची भट्टी करावयाची असते, कोणास झाडाची कुंडी. तेलाचें, रंगाचें किंवा थिनरचें पिंप रिकामें आहे म्हणून निर्धास्तपणें दुकानांत नेलें जातें. वस्तुतः असें रिकामें पिंप भरलेल्या पिंपाहून अधिक भयंकर असतें. भरलेल्या पिंपांत हवेस जागा थोडी असते. रिकाम्यांत तळाशीं उरलेल्या चार थेंबांची वाफ आणि हवा यांचें मिश्रण तयार असतें, आणि झोत आंत शिरतांच पिंपाचें झांकण तोफगोळ्यासारखें सुटतें. पाण्यानें विसळल्यानें भागत नाहीं; सांध्यांत दडलेलें जड तेल थंड असतां निरुपद्रवी वाटतें, तापतांच त्याची वाफ होते. अशीं पिंपें साफ करून तपासण्याचें शास्त्र आहे, पण तें गल्लींतील दुकानाचें काम नव्हे. गृहस्थानें कोरें पिंप विकत घ्यावें, आणि कारागिरानें असें काम नाकारावें. नाकारणारा कारागीर आडमुठा समजला जातो. त्यास दोन रुपये अधिक देणेंच योग्य.

ठिणग्या जमिनीवरून दहा मीटरपर्यंत सहज घरंगळत जातात. गच्चीवरून खालीं पडल्या तर त्याहून कितीतरी दूर. त्या गाद्यांच्या कापसांत, लांकडाच्या भुश्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत शिरून धुमसत राहतात आणि ज्वाला दिसावयास अर्धा तास सहज लागतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीं आसपासचें जळण्याजोगें सामान हलवावें, खालच्या गॅलरींत वाळत घातलेले कपडे काढावयास सांगावें, आणि भिंतीतल्या भोकांपलीकडे काय आहे तें पाहून यावें. अंगांत सुती कपडे असावे. नायलॉन, टेरिलीन वितळून त्वचेस चिकटतें. खिशांत लायटर नसावा.

काम आटोपलें, प्लग काढला, टाकीची तोटी उघडून पाणी काढलें, नोझल पुसून ठेवलें, म्हणजे कारागिरांची घरीं जाण्याची घाई सुरू होते. त्यांतील एकानें मागें राहावें. निदान अर्धा तास, आणि जागा अडगळीची असेल तर तासभर, त्यानें तेथेंच बसावें; जवळ वाळूची बादली आणि कोरड्या भुकटीचें अग्निशामक असावें, आणि दर थोड्या वेळानें उठून कोपरे, फटी व खालचा मजला हुंगून यावा. त्या वेळेची मजुरी घरमालकानें आधींच हिशेबांत धरावी.